खटल्याबाहेरचा वकील

सुधारित विकास आराखड्यात आपल्या शाळेमागच्या मैदानाचं आरक्षण उठणार, ही बातमी ग्रुपवर आली आणि सगळेच हळहळलो. खाजगी जमिनीचं काय व्हावं हे गावानं ठरवणं योग्य आहे का? हा वाद जुना आहे. तो शोधताना मला अमेरिकन वकील आल्फ्रेड बेटमन सापडले.

जन्म १८७३, ओहायोतल्या सिनसिनाटीचा. हार्वर्डमध्ये कायदा शिकून ते वकिलीसाठी गावी परतले. १९१५ साली ओहायोत नगररचनेचा कायदा झाला, त्याच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता. आपल्या मुंबई इलाख्याचा नगररचना कायदाही त्याच वर्षीचा! १९२५ मध्ये सिनसिनाटीनं अख्ख्या शहराचा आराखडा अधिकृतपणे स्वीकारला, त्यामागेही तेच होते. आधी पूर्ण आराखडा, मग नियम, हा त्यांचा आग्रह. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं.

क्लीव्हलँडजवळच्या युक्लिड गावानं घरं, दुकानं, कारखाने यांच्या जागा ठरवून दिल्या. ६८ एकर जमीन असलेली अँबलर रिअल्टी कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली आणि खालच्या कोर्टात जिंकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. बेटमन ना गावाचे वकील, ना कंपनीचे. नगररचनाकारांच्या वतीनं, न्यायालयाचे मित्र म्हणून त्यांना म्हणणं मांडायचं होतं, पण मुदत हुकली. ते गप्प बसले नाहीत. सरन्यायाधीश टाफ्ट यांना लिहून त्यांनी परवानगी मागितली आणि ती मिळाली. त्रास झाल्यावर खटले भरण्यापेक्षा सगळ्या गावाचा विचार करून तो आधीच टाळावा, असा त्यांचा मुद्दा. खटल्याची फेरसुनावणी झाली आणि नोव्हेंबर १९२६ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी गाव जिंकलं.

या निकालाला दुसरी बाजूही आहे. बंगल्यांच्या वस्तीत फ्लॅटच्या इमारती त्यानं उपद्रवी ठरवल्या, आणि पुढे अनेक उपनगरांनी अशाच नियमांनी गरिबांना बाहेर ठेवलं. मी स्वतः फ्लॅटमध्ये राहते, त्यामुळे हे टोचतं. आराखडा कोणासाठी, हे विचारत राहायलाच हवं.

बेटमन १९४५ साली गेले. मला त्यांच्यातलं नेतृत्व एवढंच दिसतं, की खटला आपला नसतानाही ते उशिरा का होईना, तयारीनिशी पुढे आले.

मैदान आपल्या मालकीचं नाही, पण हरकती-सूचनांची मुदत अजून संपलेली नाही. अर्ज मी लिहिला आहे. संमेलनाच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर ठेवते. बाई, सर, पहिली सही तुमची हवी.