मेहली मेहता : दुसऱ्या खुर्चीवर बसलेला कंडक्टर

कंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? इलेक्ट्रिकलवाल्यांना तांबं आणि अल्युमिनियम, बाकीच्यांना एस.टी.तला खाकी शर्ट. आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेज बांधून होणारा हिंदी-मराठी गाण्यांचा कार्यक्रम. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते कंडक्टर वेगळे. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळ सांभाळून घेईलच.

आमच्या शाळेत कॉयर होता आणि शिकवायला गोव्याचे एक सर होते. मेहली मेहता हे नाव मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. झुबिन मेहता बहुतेकांना ऐकून माहीत असतात. मेहली हे त्यांचे वडील. पण नुसतं 'झुबिनचे वडील' म्हणून सोडून द्यावं असा हा माणूस नव्हे.

त्यांचा जन्म 1908 चा, मुंबईतल्या पारशी घरातला. व्हायोलिनचं वेड लहानपणापासून. त्या काळी मुंबईत पाश्चात्त्य संगीत ऐकायचं म्हणजे मुख्यतः ग्रामोफोन. आता जरा हिशोब करा. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला चार-पाच मिनिटं मावतात. बीथोवनची पाचवी सिंफनी तीस मिनिटांच्या वर जाते. म्हणजे ऐन रंगात आलं की उठा, तबकडी उलटा, पुन्हा पिन ठेवा! याशा हायफेट्झ हे त्यांचं दैवत. असं ऐकत आणि स्वतःच घासत घासत हा माणूस तयार झाला. 1929 मध्ये त्यांनी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची लायसेन्शिएट परीक्षाही पास केली.

1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला. व्हायोलिनवाले मिळत, त्यात गोव्याचे वादक बरेच. ओबो, बसून, हॉर्न असली फुंकायची वाद्यं वाजवणारे आणायचे कुठून? मग नौदलाच्या बँडमधली माणसं घ्यायची. कुणी पोटासाठी सिनेमाच्या गाण्यांना वाजवणारा, कुणी हौशी, कुणी युनिफॉर्मवाला. या सगळ्यांना एका तालात आणायचं. लोकांना वाटतं कंडक्टर नुसती काठी हलवतो. खरं म्हणजे त्याच्यापुढच्या स्कोअरमध्ये प्रत्येक वाद्याची ओळ एकाखाली एक छापलेली असते, आणि पानभर ओळी त्याला एकदम वाचाव्या लागतात. कुणी कधी शिरायचं, कुणी दबून वाजवायचं हे तो हातानं आणि नजरेनं सांगतो. आवाज मात्र त्याचा स्वतःचा एकही नाही. कंट्रोल सिस्टीमचा पेपर ज्यांनी दिलाय त्यांना फीडबॅक म्हणजे काय ते इथे बरोबर कळेल.

1940 मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही काढलं. तालमी घरातच चालत. त्यामुळे झुबिन आणि झरीन ही दोन्ही मुलं त्या आवाजातच वाढली. पुढे सोळा वर्षांच्या झुबिनला त्यांनी तालमीत अख्ख्या ऑर्केस्ट्रासमोर उभं केलं. आपल्याला सोळाव्या वर्षी घरचे टू-व्हीलरची किल्ली देत नाहीत.

आता जे सांगणार आहे ते मला अजून नीट पचलेलं नाही. 1945 मध्ये, छत्तिशी ओलांडलेली असताना, ते इव्हान गलामियन या गुरूंकडे शिकायला न्यूयॉर्कला गेले. बायको तेहमिना आणि दोन लहान मुलं मुंबईत. परत यायला चारेक वर्षं लागली. माझे बाबा मी चौथीत असताना मस्कतला गेले आणि मी आठवीत असताना परत आले. दर शुक्रवारी फोन यायचा. त्यामुळे लोक हे कलेसाठी केलेला त्याग म्हणून कौतुकानं सांगतात तेव्हा मला आधी तेहमिनाबाई आठवतात. बाबा निदान पैसे पाठवायला गेले होते. हे गृहस्थ बो कसा धरायचा ते शिकायला गेले! पण हेही खरं, की स्वतःच्या शहरातला सगळ्यात मोठा वादक असताना आपल्याला पुरेसं येत नाही हे कबूल करायला धाडस लागतं. दोन्ही गोष्टी मला पटतात. काय करू?

1954 मध्ये झुबिन व्हिएन्नाला शिकायला गेले आणि 1955 मध्ये मेहलींनीही मुंबई सोडली. इथे पोट भरेल असं पूर्णवेळ काम या संगीतात नव्हतंच. वय 46-47. या वयात आपले सर लोक पेन्शनचा हिशोब मांडू लागतात (सर, रागावू नका). मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात, जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली, ते असिस्टंट कॉन्सर्टमास्टर झाले. वीस वर्षं स्वतः काठी धरलेला माणूस आता दुसऱ्याच्या काठीकडे बघून वाजवत होता. 1959 मध्ये अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये. तिथे वाट्याला आलं सेकंड व्हायोलिन. सेकंड व्हायोलिनचं काम मधला भराव सांभाळायचं, सुरावट बहुतेक वेळा पहिल्याकडे. गॅदरिंगला मला मेन कीबोर्ड दिला नाही म्हणून मी ग्रुपच सोडला होता, ते इथे लिहिताना लाज वाटते.

काठी पुन्हा हातात आली ती 1964 मध्ये. झुबिन 1962 पासून लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे प्रमुख होते. मेहलीही त्या शहरात गेले. तिथल्या यूसीएलए विद्यापीठात 1976 पर्यंत ऑर्केस्ट्रा शिकवला, आणि अमेरिकन यूथ सिंफनी उभी केली. वादक सगळे आपल्या वयाचे, काही तर शाळकरी. पण पोरं आहेत म्हणून सोपं काही द्यायचं नाही. ब्राम्स, माहलर यांच्या अवघड, लांबलचक रचना त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि त्या नीट वाजवूनच घ्यायच्या. तिथे तयार झालेले अनेक जण पुढे मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत बसले. तेहतीस वर्षं त्यांनी ती चालवली. 1998 मध्ये थांबले तेव्हा वय नव्वदीला टेकलं होतं. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये, 94 व्या वर्षी, लॉस एंजेलिसलाच गेले.

2024 मध्ये अमेरिकन यूथ सिंफनी बंद झाली. मुंबईत त्यांच्या नावाचं फाउंडेशन 1995 मध्ये निघालं, ते मुलांना हे संगीत शिकवण्यासाठी. एनसीपीएमध्ये 2006 साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला, म्हणजे मेहलींनी मुंबई सोडल्यावर तब्बल 51 वर्षांनी.

जाता जाता एक सूचना. चामटोलीच्या आपल्या हॉस्टेलवर माझ्याकडे एक जुना कॅसिओ आहे, दोन कीज दाबल्या जात नाहीत. कुणाकडे व्हायोलिन असेल तर सबमिशन संपल्यावर मेसमध्ये भेटा. मेन तुम्ही वाजवा, मी साथ करीन.