लेकराच्या मनाची भक्ती : लक्ष्मीबाई टिळक

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे, असे ठरले आणि ते काम भगिनींनी माझ्यावर सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जिने शाळेचे तोंडही पाहिले नाही, पण जिचे पुस्तक मराठीत अजरामर झाले, अशा बाईंविषयीच लिहावे असे मनात आले. त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. आपल्याला त्या परक्या नव्हेत. त्यांच्या संसाराची कितीतरी वर्षे आपल्याच जिल्ह्यात, नगर आणि राहुरी येथे गेली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर गावी, गोखल्यांच्या घरात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. आईचे वडील १८५७ च्या बंडानंतर फासावर गेले. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंच्या वडिलांनी सोवळ्याचा असा काही ध्यास घेतला की, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येईना. बायकामुलांना त्याचा फार जाच झाला. देवाचे नाव घरात पुष्कळ होते, पण त्याच्याजवळ जायचे ते भीतभीत. लहानपणी मनात शिरलेली ही भीती पुढे त्यांना एकेक धागा उसवून काढावी लागली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले. टिळक मोठे कवी, मनाने उदार, पण एका जागी स्थिर राहणे त्यांना ठाऊक नव्हते. हातात आलेला पैसा कोणाला देऊन टाकतील याचा नेम नसे. पुढे बायबल वाचून त्यांच्या मनाने वळण घेतले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मण घरात ही बातमी म्हणजे माणूस जिवंत असून गेल्यासारखीच. लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू. दुःखाने त्यांची प्रकृती ढासळली. नातलगांच्या आधाराने काही काळ त्या पंढरपूरला राहिल्या. नवरा गेला तिकडे आपणही जावे, तर स्वतःचा धर्म सुटतो. न जावे, तर संसार सुटतो. भगिनींनो, आपल्यापैकी कोणीही त्या जागी स्वतःला उभे करून पाहावे.

काही वर्षांनी त्या नगरला पतीजवळ आल्या. पण आल्या त्या धर्म बदलून नव्हे. आपले पाणी वेगळे, आपली चूल वेगळी, असे त्यांनी चालविले आणि टिळकांनीही बळजबरी केली नाही. मला लक्ष्मीबाईंची ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते. नवऱ्याला बरे वाटावे म्हणून त्या देवापुढे खोटे बोलल्या नाहीत. मनात जे उतरले नव्हते, ते तोंडाने म्हटले नाही.

मग एकदा त्या जातीपातीचा विचार करू लागल्या. प्रश्न अगदी लेकराने विचारावा तसा साधा होता. देवाने पशुपक्ष्यांत निरनिराळ्या जाती केल्या, त्या नुसत्या पाहूनही ओळखू येतात. माणसांत तशी खूण कोठे आहे? नसेल, तर हा भेद देवाचा नसून माणसांचा आहे. एवढे पटले आणि इतक्या वर्षांचे सोवळे त्यांनी सोडले. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, असे ठरविले. जे मोठ्या पंडितांच्या वादात सुटले नाही, ते एका सरळ प्रश्नाने सुटले. त्यानंतर, पतीच्या मागून सुमारे पाच वर्षांनी, त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

उपासनेतही त्या दोघांना हाच सरळपणा हवा होता. तोवर देवळात म्हणावयाची बरीचशी गीते इंग्रजीवरून केलेली, चालीही तिकडच्याच. टिळकांनी अभंग, ओव्या, भजने रचली. तुकारामबुवांच्या अभंगांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. यादवबाबांच्या देवळात भजन ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना यातले मर्म लगेच कळेल. लेकरू आईला हाक मारते ती आईनेच शिकविलेल्या बोलीत. उसन्या शब्दांत आळवणी होत नाही.

आणि ही भक्ती देवळातच राहिली नाही. नगरला प्लेग आला, तेव्हा लोक आपल्या माणसांनाही शिवायला भीत होते. ज्या लक्ष्मीबाई एके काळी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेत नसत, त्याच रोग्यांच्या सेवेला गेल्या. पोरक्या मुलांना त्यांच्या घरात नेहमी जागा असे. घरात पैसा थोडा आणि पानावर माणसे फार, तरी दार बंद झाले नाही. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध असा 'ख्रिस्तायन' ग्रंथ त्यांनी आरंभिला होता, पण त्याचे पहिले काही अध्यायच झाले होते. अक्षरओळख पतीकडून झालेली, जोडाक्षरांशी झगडणारी ही बाई. तिने पुढचे चौसष्ट अध्याय रचून ग्रंथ तडीस नेला. मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने आठवणीही लिहिल्या. ती 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून छापून येऊ लागली. त्यात त्या नवऱ्याला हसतात, स्वतःला तर अधिकच हसतात. आपण फार भक्तिमान होतो, असा आव त्या कोठेच आणीत नाहीत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

लक्ष्मीबाईंचा धर्म एक, आपल्यातील पुष्कळजणींचा दुसरा. पण देवापुढे उभे राहण्याची त्यांची रीत कोणालाही घेता येईल. पटले नसेल तर तसे म्हणावे, पटले तर मागे हटू नये, आणि जे देवापाशी बोललो ते शेजाऱ्यापाशी वागून दाखवावे. पूजा थोडी कमी झाली तरी चालेल, पण तिच्यात देखावा नसावा.

आपल्या मंडळात दर आठवड्याला 'स्मृतिचित्रे'ची दोन पाने एकीने वाचावी व बाकीच्यांनी ऐकावी, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.