देवाने हाक दिली, त्यांनी ओ दिली
फादर थॉमस स्टीफन्स (सुमारे 1549 – 1619)



मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, असे आपल्या भागातल्या जुन्या बायका सांगत आल्या आहेत. आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसे. तरीही ऊस वाळला, सोयरीक मोडली किंवा घरातला कर्ता माणूस दारूच्या आहारी गेला, की नशिबातच नव्हते हे शब्द आपल्याही तोंडी येतात. त्यातून पुढचा प्रश्न उभा राहतो. देवाला सगळे आधीच ठाऊक आहे, मग कोणाचे तारण होणार हेही ठरलेलेच असेल. तसे असेल तर मिस्सा, प्रार्थना, प्रायश्चित्त संस्कार यांचा उपयोग काय? बिघडलेल्या मुलासाठी आईने रोज रोझरी का म्हणावी?

हा प्रश्न नवा नाही. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी सारा युरोप या प्रश्नाने ढवळून निघाला होता. त्याच काळात एक इंग्रज तरुण घरदार सोडून आपल्या देशात आला आणि मराठीत ख्रिस्तपुराण लिहून गेला. त्या फादर थॉमस स्टीफन्स यांची आज ओळख करून घेऊ.

थॉमस यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी सुमारे 1549 साली झाला. वडील व्यापारी होते. थॉमस तरुण झाले तेव्हा राणी पहिली एलिझाबेथ राज्य करीत होती आणि कॅथलिक लोकांना आपला धर्म पाळणे कठीण झाले होते. त्यांचा थॉमस पाउंड नावाचा एक जिवलग मित्र होता. तो पूर्वी राणीच्या दरबारात मानाने वावरत असे. राणीसमोर नाचताना तो पडला, राणीने त्याचा अपमान केला आणि त्याने दरबाराकडे कायमची पाठ फिरवली, असे सांगतात. दोघा मित्रांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करायचे ठरवले. पण निघण्याआधीच पाउंड पकडला गेला. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि 20 ऑक्टोबर 1575 रोजी त्यांना येशूसंघात प्रवेश मिळाला.

मित्राला ते विसरले नाहीत. त्यालाही संघात घ्यावे म्हणून त्यांनी वरिष्ठांकडे विनंती केली आणि पाउंड तुरुंगात असतानाच येशूसंघीय झाला. त्याने आयुष्याची सुमारे 30 वर्षे कैदेत काढली. दोघांना हाक एकाच देवाची. एकाला तुरुंग मिळाला, दुसऱ्याला समुद्रापलीकडचा देश. कोणत्या वाटेने जायचे हे दोघांच्याही हाती नव्हते. त्या वाटेवर देवाला होय म्हणायचे की नाही, हे मात्र दोघांच्या हाती होते.

स्टीफन्स 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून जहाजात बसले. सहा महिन्यांहून अधिक काळ प्रवास चालला. हिरड्या सुजून, अंगातले त्राण जाऊन दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि 27 जण दगावले, असे त्यांनी वडिलांना पत्राने कळवले. 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढची जवळजवळ 40 वर्षे मुख्यतः साष्टी भागात त्यांनी सेवा केली. मायदेशी ते परत गेले नाहीत.

तो काळ सोपा नव्हता. पोर्तुगीज सत्तेने साष्टीत देवळे पाडली होती आणि लोकांच्या मनात राग होता. 25 जुलै 1583 रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ अक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीय मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. एवढे झाल्यावर एखाद्याने ती माणसेच देवाने टाकलेली आहेत असे म्हटले असते. फादर स्टीफन्स त्याच लोकांत राहिले, त्यांची कोकणी आणि मराठी शिकले आणि त्यांना आवडेल अशा ओवीत लिहू लागले.

नव्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या होत्या आणि हाती दुसरे काही आले नव्हते. त्यांच्यासाठी 1616 साली रायतूर येथे ख्रिस्तपुराण रोमन लिपीत छापले गेले. त्याचे दोन भाग असून ओव्या सुमारे 11,000 आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार आहे, दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. आपल्याकडे पारायणाला जशी पोथी लावतात, तशी हीसुद्धा मोठ्याने वाचायची आणि इतरांनी ऐकायची. 1619 साली फादर स्टीफन्स गोव्यात देवाघरी गेले. त्यांचे कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर 1622 साली छापले गेले.

आता त्या प्रश्नाकडे येऊ. देवाने काहींना तारणासाठी आणि काहींना नाशासाठी आधीच नेमले आहे, असे जॉन कॅल्व्हिन (1509–1564) यांनी शिकवले होते. फादर स्टीफन्स वारले त्याच 1619 साली हॉलंडमधील डॉर्ट येथे संपलेल्या सभेने या मताच्या बाजूने निर्णय दिला. आपले सगळेच प्रोटेस्टंट शेजारी असे मानतात असे नाही, हेही लक्षात ठेवावे. ख्रिस्तसभेने 1547 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आपली शिकवण स्पष्ट केली होती. तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते, ती आपली कमाई नव्हे. मात्र पापामुळे माणसाची इच्छाशक्ती दुबळी झाली असली तरी मेलेली नाही. कृपेला ती होकार देऊ शकते आणि नकारही.

देवाची कृपा आणि माणसाची इच्छा एकत्र कशी काम करतात, यावर पुढे डॉमिनिकन आणि येशूसंघीय पंडितांत मोठा वाद झाला. 1607 साली पोप पाचवे पॉल यांनी कोणालाही दोषी न ठरवता तो थांबवला आणि एकमेकांना पाखंडी म्हणू नका असे बजावले. मोठमोठ्या पंडितांना जे पूर्ण उलगडले नाही, ते आपल्याला उलगडले नाही म्हणून श्रद्धा डळमळू देऊ नये.

फादर स्टीफन्स यांनी लोकांना जी कथा सांगितली, तिच्यातच आपल्यापुरते उत्तर आहे. आदामाला देवाने सर्व काही दिले, तरी त्याने नकार दिला. पवित्र मरियेकडे देवाने दूत पाठवला आणि तिच्या होकाराची वाट पाहिली. पेत्राने प्रभूला नाकारले, पण तो रडून परत आला. यहूदाने क्षमेवरची आशाच सोडली. देवाला हे सारे ठाऊक होते, पण त्याच्या ठाऊक असण्याने कोणाचे हात बांधले गेले नाहीत.

आपल्या रोजच्या जगण्यातले उदाहरण घेऊ. उजनीचे पाणी कालव्याने बांधापर्यंत येते. ते पाणी आपण निर्माण केलेले नाही. पण आपली पाळी आली की रात्री उठून दारे धरावी लागतात. झोपून राहिलो तर पाणी पुढे निघून जाते आणि आपले वावर कोरडे राहते. त्यात दोष पाण्याचा नसतो. कृपेचे तसेच आहे. फरक एवढाच की उठण्याचे बळही देवच देतो, आणि आपण एकदा झोपून राहिलो म्हणून तो आपली पाळी कायमची बंद करीत नाही.

म्हणून घरातल्या कोणाहीबद्दल, तो आता सुधारणार नाही, त्याचे तसेच लिहिलेले आहे, असे म्हणू नका. सर्वांचे तारण व्हावे अशीच देवाची इच्छा आहे, असे संत पौल तीमथ्याला लिहितात. देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमत नाही, असे ख्रिस्तसभा आजही शिकवते. त्या आईची रोझरी वाया जात नाही. तिची प्रार्थनाही देवाच्या योजनेचाच भाग आहे.

या आठवड्यात घरातल्या अशा एका व्यक्तीचे नाव घेऊन रोज एक नमो मरिया म्हणू या. आणि रात्री झोपण्यापूर्वी स्वतःलाही विचारू या: आज देवाने मला कोठे हाक दिली, आणि मी ओ दिली का?

फादर स्टीफन्स यांनी दिली तशी ओ देण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो. आमेन.