बॉयलर फुटला की ‘कशामुळे?’ हे आधी विचारणारा माणूस: विल्यम फेअरबेर्न

मशीन ब्रेकडाऊनचा क्लेम टाकलेल्या कुणालाही विचारा. सर्व्हेअर येतो आणि नुकसान किती झालं यापेक्षा ते कशामुळे झालं, यातच जास्त रस घेतो. लॉगबुक दाखवा, शेवटचं मेंटेनन्स कधी केलं, तुटलेला पार्ट भंगारात टाकू नका. कारखानदाराला वाटतं, हा पैसे द्यायचे नाहीत म्हणून खुसपटं काढतोय. कधीकधी ते खरंही असतं. पण या चौकशीमागे मोठा इतिहास आहे, आणि त्यात एका स्कॉटिश मिस्त्रीचा वाटा फार मोठा आहे, म्हणून आज त्याच्याबद्दल लिहितोय.

विल्यम फेअरबेर्नचा जन्म १७८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या केल्सो इथे झाला. घरची परिस्थिती बेताची, शाळाही बेताचीच. इंग्लंडच्या ईशान्येला, पर्सी मेन नावाच्या कोळसाखाणीत तो मिलराईट म्हणून उमेदवारीला लागला. मिलराईट म्हणजे गिरणीची चाकं, शाफ्ट, गिअर सगळं बसवणारा माणूस. पोराने अभ्यासाचं स्वतःचं वेळापत्रक केलं होतं: एका संध्याकाळी अंकगणित, एकीला युक्लिड, एकीला इतिहास. बुधवारी मात्र कादंबऱ्या! मला हा बुधवार फार आवडतो. तिथेच त्याची जॉर्ज स्टीफन्सनशी मैत्री झाली. पुढे रेल्वेमुळे जगभर गाजलेला स्टीफन्सन तेव्हा जवळच एक इंजिन सांभाळायचा. त्याला वरचे चार पैसे कमावता यावेत म्हणून फेअरबेर्न मधूनमधून त्याचं इंजिन बघायचा.

१८१३ मध्ये तो मँचेस्टरला आला आणि १८१७ मध्ये जेम्स लिली या भागीदारासोबत एका शेडमध्ये धंदा सुरू केला. कापडगिरण्यांचे जड, संथ फिरणारे शाफ्ट काढून हलके आणि वेगाने फिरणारे शाफ्ट बसवायचे, हे त्यांचं काम. कामं धडाधड मिळत गेली. लंडनजवळ मिलवॉलला जहाजं बांधायचा कारखानाही काढला, त्यात बरंच नुकसान खाल्लं. रॉबर्ट स्टीफन्सनबरोबर ब्रिटानिया पुलाचं काम केलं आणि श्रेय कुणाचं यावरून दोघांत बिनसलंही. हे सगळं चरित्रात विस्ताराने सापडतं. आपण बॉयलरकडे वळू.

१८४४ मध्ये त्याने जॉन हेदरिंग्टनसोबत एका बॉयलरचं पेटंट घेतलं. आडवं लोखंडी पिंप, आत दोन मोठ्या नळ्या, दोन्हींत भट्टी. आळीपाळीने कोळसा टाकायचा, म्हणजे धूर कमी आणि जळण वाचतं. हाच तो लँकेशायर बॉयलर.

पण गिरण्यांत प्रेशर वाढत चाललं होतं आणि बॉयलर फुटत होते. फुटला की माणसं मरायची, भिंती कोसळायच्या. मृत्यूची चौकशी व्हायची आणि निकाल लागायचा ‘अपघात’. पाण्याचा गॅस झाला, वीज साठली, काहीतरी गूढ घडलं, अशी कारणं जाणकार म्हणवणारेही द्यायचे. गूढ कारणाचा फायदा उघड आहे, मालकाला जबाबदार धरता येत नाही. फेअरबेर्नचं म्हणणं अगदी रोखठोक होतं: पत्रा कमकुवत होता, गंजला होता, व्हॉल्व अडकला होता, नाहीतर पाणी कमी झालं होतं. शोधा, सापडेल.

आणि त्याने शोधलं. रिव्हेट मारलेल्या जोडाची ताकद त्याने मोजली. एकेरी रांगेचा जोड अखंड पत्र्याच्या साधारण ५६ टक्केच ताकदीचा निघाला, दुहेरी रांगेचा ७० टक्के. म्हणजे पत्रा कितीही जाड घ्या, बॉयलर जोडाइतकाच मजबूत! पिंपाच्या लांबीला समांतर असलेल्या जोडावर तर गोलाकार जोडाच्या दुप्पट ताण येतो. मग त्याने आतल्या नळ्या तपासल्या. त्यांच्यावर दाब बाहेरून येतो, त्यामुळे त्या फुटत नाहीत, चेपतात. नळी लांब असली काय, आखूड असली काय, फरक पडत नाही असं कारागीर धरून चालायचे. १८५८ मध्ये फेअरबेर्नने रॉयल सोसायटीपुढे प्रयोग मांडले: लांबी दुप्पट केली की नळी साधारण निम्म्या दाबालाच चेपते. उपाय किती स्वस्त बघा. नळीला ठरावीक अंतरावर मजबूत कडी बसवायची, की एका लांब नळीच्या अनेक आखूड नळ्या होतात.

आता इन्शुरन्सकडे येऊ. १८५४ मध्ये मँचेस्टरमध्ये बॉयलरस्फोट टाळण्यासाठी एक संस्था निघाली. तिच्या उभारणीत फेअरबेर्न पुढे होता. (त्याच वर्षी मुंबईत कावसजी दावर यांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली.) वर्गणी भरा, आमचा इन्स्पेक्टर येईल, बॉयलर तपासेल, दोष लिहून देईल. नुकसानभरपाई मात्र नाही! कारण पैसे मिळणार म्हटलं की मालक तपासणीत ढिलाई करेल, अशी भीती होती.

पण गिरणीमालकांना भरपाई हवी होती, त्यामुळे १८५८ मध्ये मँचेस्टरमध्येच बॉयलरचा विमा उतरवणारी कंपनी उभी राहिली. स्पर्धेपुढे मूळ संस्थेलाही १८६० च्या दशकात हमी द्यावी लागली. माझ्या मते इथे दोन्ही बाजू बरोबर होत्या. नुसत्या तपासणीने घर सावरत नाही आणि नुसत्या पैशाने पुढचा स्फोट थांबत नाही. शेवटी जे टिकलं ते दोन्हींचं मिश्रण. अमेरिकेत १८६६ मध्ये निघालेल्या हार्टफर्ड स्टीम बॉयलर कंपनीच्या तर नावातच आधी ‘इन्स्पेक्शन’ आहे, मग ‘इन्शुरन्स’.

इंग्लंडमध्ये सरकारने उशिरा हात घातला. १८८२ च्या कायद्याने स्फोटानंतरची चौकशी आली, सक्तीची नियमित तपासणी १९०१ मध्ये. आपल्याकडे उलट झालं. १८६३ मध्ये कलकत्त्यात मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये सरकारी तपासणीचा कायदा आला. पुढे १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा, आणि आता त्याच्या जागी २०२५ चा.

यातून आजच्या कारखानदाराला उपयोगी पडेल असं सांगतो. साध्या फायर पॉलिसीत ‘स्फोट’ हा शब्द दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. वाफेचा बॉयलर स्वतःच फुटला तर त्याचं स्वतःचं नुकसान तिथे सहसा कव्हर होत नाही, त्यासाठी बॉयलर आणि प्रेशर प्लांटची वेगळी पॉलिसी लागते. मशीन ब्रेकडाऊन पॉलिसीही अचानक झालेल्या नुकसानीसाठी असते. हळूहळू झालेली झीज, गंज, आणि पॉलिसी घेताना माहीत असलेला दोष सहसा त्याबाहेर. म्हणजे क्लेमचा सगळा वाद फेअरबेर्नच्याच प्रश्नावर येतो: अचानक झालं, की होणारच होतं? तुटलेला तुकडा आणि तपासणीचे कागद जपून ठेवलेले असतील तर उत्तर तुमच्या हातात असतं. नसतील तर सर्व्हेअर स्वतःचं उत्तर लिहितो.

फेअरबेर्न १८६१ मध्ये ब्रिटिश असोसिएशनचा अध्यक्ष झाला. नाईटहूड त्याने नाकारलं होतं, १८६९ मध्ये बॅरोनेट ही पदवी मात्र घेतली. म्हातारपणीही तो लोखंडावर प्रयोग करत होता: एका गर्डरवर लाखो वेळा वजन टाकायचं आणि काढायचं, आणि तो कितव्या वेळी तुटतो ते बघायचं. १८७४ च्या ऑगस्टमध्ये, सरे परगण्यातल्या मूर पार्क इथे तो वारला.