बाबासाहेबांच्या वह्या आणि टिपणे

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. तो दिवस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या मुलाच्या दप्तराबरोबर गोणपाटाचा एक तुकडा रोज घरून शाळेत येई आणि संध्याकाळी घरी परत जाई. कारण शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटास हात लावीत नसे. वर्गात त्याची जागा कोपऱ्यात, सर्वांपासून वेगळी होती. वहीची गतही गोणपाटासारखीच. काही शिक्षक ती हाती घेण्यास तयार नसत. आपल्या वसतिगृहातील मुले वहीवर लाल शाईच्या खुणा दिसल्या की खट्टू होतात. त्या खुणाही ज्याच्या वाट्यास सहजी येत नव्हत्या, असा तो विद्यार्थी होता.

ही उणीव सुभेदार रामजींनी घरी भरून काढली. लष्करी शाळेत शिक्षक म्हणून त्यांनी काम केले होते आणि अभ्यासाची शिस्त त्यांच्या अंगी मुरलेली होती. हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला व तर्खडकरांची भाषांतरपाठमाला त्यांनी मुलाकडून घोटवून घेतली. पुढे कुटुंब मुंबईस आले तेव्हा परळच्या डबक चाळीतील एकच खोली स्वयंपाकाची, निजण्याची व अभ्यासाची होती. रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि त्याने सोडलेल्या जागेवर निजत. सारे घर झोपेत असताना रॉकेलच्या मिणमिणत्या दिव्यापुढे भीमराव पुस्तक उघडून बसत. आपण पहिल्या पानावर रंगीत पेन्सिलींनी वेळापत्रक आखतो, समास काढतो, आणि सत्र सरण्याआधीच ते पान विसरतो. त्या खोलीत वेळापत्रक आखलेले असो वा नसो, ते रोज पाळले जात होते.

१९०७ साली मॅट्रिक, नंतर एल्फिन्स्टन कॉलेज आणि १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ. तेथे त्यांनी ६० अभ्यासक्रम घेतले; त्यांतील २९ अर्थशास्त्राचे होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे २,००० ग्रंथ जमविले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. सामान वेगळ्या बोटीने येत होते. महायुद्धाचे दिवस होते. पाणबुडीच्या हल्ल्यात ती बोट बुडाली आणि ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. विद्यार्थ्यावर यापेक्षा मोठा घाला क्वचितच पडत असेल.

सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. बाबासाहेबांच्या अभ्यासपद्धतीचे खरे स्वरूप या पर्वात दिसते. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयातील ग्रंथ बाहेर नेता येत नसत. तेथून घरी नेता येई ते फक्त आपल्या हाताने कागदावर उतरविलेले. म्हणून दार उघडताच आत जाऊन बसायचे, वेळ व पैसा या दोहोंच्या बचतीसाठी दुपारचे जेवण टाळायचे, आणि रखवालदार उठवीपर्यंत वाचत व लिहीत राहायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. बाहेर पडताना चेहरा उतरलेला असे आणि खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले असत. रात्री तुटपुंज्या जेवणानंतर वाचन पुन्हा सुरू होई.

टिपण म्हणजे पुस्तकाची नक्कल नव्हे. हजारो पानांतून आपल्या प्रश्नास लागू पडणारा आकडा कोणता, कायद्याचे कलम कोणते, तारीख कोणती, हे वाचतानाच ठरवावे लागते. रुपयाचा प्रश्न या विषयावरील प्रबंध अशा वेचलेल्या साहित्यावर उभा राहिला. ऑक्टोबर १९२२ मध्ये सादर झालेला तो प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. हातचे पैसे सरत आले होते. बाबासाहेब मुंबईस आले, निष्कर्ष न सोडता त्यांनी मांडणी नव्याने केली आणि प्रबंध पुन्हा पाठविला. १९२३ च्या अखेरीस तो मान्य होऊन ग्रंथरूपानेही प्रसिद्ध झाला. परत आलेली वही फाडून टाकण्याचा मोह प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी होतो. त्या वेळी हा प्रसंग आठवावा असे मला वाटते.

पुढच्याच वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले, तेव्हा मुलांचे भोजन व कपडे यांबरोबर लेखनसाहित्याचाही खर्च उचलला. अन्नवस्त्राच्या पंक्तीला वह्या-पेन्सिलींनाही बसविण्याचे हे काम, वहीसाठी घरच्यांनी काय सोसले हे ज्याने पाहिले, त्यालाच सुचू शकते. त्या मुलांनी सरस्वती विलास नावाचे मासिकही चालविले होते.

उत्तम फाउंटन पेनांची आवड बाबासाहेबांना अखेरपर्यंत होती. लिहिण्याआधी ग्रंथाची रूपरेषा कागदावर मांडण्याची सवयही तशीच टिकली: प्रथम भाग, मग प्रकरणे, मग पोटमुद्दे. त्यांच्या मनात ग्रंथ कसा बांधला जाई, हे भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात दिसते. आठ खंड, खंडांचे भाग आणि त्यांतील क्रमांक घातलेली वचने, अशी त्याची रचना आहे. मधुमेहाने शरीर पोखरलेले, दृष्टी मंदावलेली, तरी हे काम चालूच होते. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीतील २६, अलीपूर रोड येथील निवासस्थानी त्यांनी या ग्रंथाची प्रस्तावना व उपोद्घात यांचे कागद मागवून बिछान्याजवळच्या मेजावर ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

त्यांच्यामागे उरलेल्या हस्तलिखितांतून महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन खंडशः छापले. १९८७ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात योजलेल्या ग्रंथांच्या रूपरेषांना स्वतंत्र विभाग दिलेला आहे. भारत आणि साम्यवाद या विषयावरील ग्रंथाची तीन भागांची आखणीही याच खंडात सापडते. तीतील हिंदू समाजव्यवस्थेवरचा मजकूर तेवढा लिहून झाला होता. बाकीच्या प्रकरणांची नावे आहेत. त्यांखालची पाने कोरी राहिली.