मत्स्य शेतकरी दिन १० जुलैलाच का? जाणून घ्या डॉ. हिरालाल चौधुरी यांच्याबद्दल

दरवर्षी १० जुलैला देशात राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन साजरा होतो. ही तारीख आली डॉ. हिरालाल चौधुरी यांच्या एका प्रयोगातून.

अडचण काय होती?
रोहू, कटला, मृगळ तळ्यात वाढतात. पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीज पावसाळ्यात नदीतून गोळा करावे लागे. त्यात नको त्या माशांची पिल्लेही येत. बीज मिळाले नाही तर तळे रिकामेच.

चौधुरींनी काय केले?
१९२१ मध्ये सिल्हेट भागात जन्मलेले चौधुरी मत्स्य संशोधनात आले. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे त्यांनी डॉ. के. एच. अलीकुन्ही यांच्यासह कार्प माशांना पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून प्रजनन घडवले.

शेतकऱ्यापर्यंत कसे पोहोचले?
१९७१ मध्ये मिश्र मत्स्यसंवर्धन आणि बीजनिर्मितीचा अखिल भारतीय प्रकल्प सुरू झाला. त्याची केंद्रे वेगवेगळ्या राज्यांत होती, पुण्यातही. स्थानिक तळ्यांत पद्धत तपासून ती शेतकऱ्यांना दाखवली गेली.

चौधुरी २०१४ मध्ये गेले. आज शेतकरी जवळच्या बीज केंद्रातून हव्या त्या जातीचे बीज आणतो, त्याची सुरुवात अंगुलमध्ये झाली.