उरलेली जागा

प्रवेशाचे दिवस आले, की मला जोवानी बोत्तेसिनी आठवतो. लेकीला हवी ती शाखा मिळाली नाही, तेव्हा आमच्या घरात आठ दिवस सुतकी कळा होती. त्याच सुमारास या इटालियन वादकाविषयी वाचलं आणि मी जरा सावरले.

बोत्तेसिनी १८२१ सालचा, उत्तर इटलीतल्या क्रेमा गावचा. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, मुलगा व्हायोलिन शिकला. १८३५ मध्ये त्याला मिलानच्या संगीत विद्यालयात घालायचं ठरलं. घरची ऐपत बेताची, त्यामुळे शिष्यवृत्ती हवीच. आणि जागा उरलेल्या दोनच. एक बासून या फुंकून वाजवायच्या वाद्याची, दुसरी डबल बासची. व्हायोलिनची नाहीच!

डबल बास म्हणजे व्हायोलिनचा आडदांड थोरला भाऊ. माणसाहून उंच. वाद्यवृंदात मागे राहायचं आणि खर्जाचा आधार द्यायचा, हे त्याचं नेहमीचं काम. पोरानं काही आठवड्यांत त्यावर हात बसवला, परीक्षा दिली आणि जागा मिळवली. चार वर्षांनी बाहेर पडताना ३०० फ्रँकचं बक्षीसही पटकावलं. त्या पैशांच्या आधारानं त्यानं स्वतःचा बास घेतला.

पुढे त्यानं या मागच्या रांगेतल्या वाद्यासाठी कंचेर्तो लिहिले. कंचेर्तोमध्ये एक वादक पुढे असतो आणि सारा वाद्यवृंद त्याच्या साथीला. त्याचा बी मायनरमधला दुसरा कंचेर्तो डबल बास शिकणारे आजही घोटतात. मधला संथ भाग तर ऐकाच. ते अवजड वाद्य चक्क एखाद्या गायिकेसारखं गाऊ लागतं!

त्यानं हवाना, लंडन गाजवलं. २४ डिसेंबर १८७१ रोजी कैरोत वेर्दीच्या 'आयदा' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, तेव्हा वाद्यवृंदाचं संचालन त्याच्याकडे होतं. १८८९ मध्ये वेर्दीच्याच शिफारशीनं तो पार्माच्या संगीत विद्यालयाचा प्रमुख झाला, पण त्याच वर्षी जुलैत गेला. त्यानं स्वतः ऑपेराही बरेच लिहिले. आज नाव टिकलंय ते मात्र त्या उरलेल्या जागेमुळे.

हे सगळं मी लेकीला उत्साहानं सांगितलं. सगळेच काही बोत्तेसिनी नसतात, असं म्हणून ती उठून गेली. खरंच होतं तिचं. मी गप्प बसले.

रात्री तिच्या खोलीतून तो संथ भाग ऐकू आला. संपला, आणि पुन्हा सुरू झाला.